काउंटरवरचे प्रश्न आणि नोंदवहीचे रकाने

महाविद्यालयीन आणि विद्यापीठीय ग्रंथालयांच्या दप्तरांत दोन व्यवहारांचा हिशेब आपल्याकडे पिढ्यान्‌पिढ्या चोख ठेवला गेला आहे. कोणता ग्रंथ कोणत्या तारखेस, कोणत्या विक्रेत्याकडून आणि काय किमतीला आला, हे दाखलनोंद वहीत असे उतरलेले असते की पन्नास वर्षांनंतरच्या पडताळणीतही त्याची रुजुवात घालता यावी. आणि कोणता ग्रंथ कोणाच्या नावावर गेला नि केव्हा परत आला, हे पूर्वी कार्डांवर आणि आता संगणकावर तितक्याच कसोशीने टिपले जाते. तिसरा एक व्यवहार त्याच काउंटरवर दिवसभर चालू असतो आणि ग्रंथालयाची खरी बौद्धिक कामगिरी त्यातच घडत असते. वाचक काहीतरी विचारतो. ग्रंथपाल किंवा त्याचा सहकारी त्याला उत्तर देतो, वाट दाखवतो, प्रसंगी त्याच्याबरोबर बसून शोध घेतो. या व्यवहाराची पावती फाटत नाही, त्यावर तारखेचा शिक्का पडत नाही, आणि म्हणून वर्षअखेरच्या अहवालात त्याचा मागमूसही उरत नाही.

ही उणीव भरून काढण्याची निकड अलीकडे सर्वत्र जाणवू लागली आहे. मूल्यांकन करणाऱ्या समित्या आकडे मागतात, पदांना मंजुरी देणारे अधिकारी समर्थन मागतात, आणि संगणकप्रणाली विकणाऱ्या कंपन्या दहा-बारा रकान्यांचे तयार तक्ते पुढे करतात. निकड योग्य आहे. परंतु तिच्या पूर्ततेसाठी जे मार्ग बहुधा अवलंबिले जातात ते मला घातक वाटतात. प्रश्नांची नोंद ठेवायची ती ग्रंथालयापुढे प्रत्यक्ष उभ्या असलेल्या निर्णयासाठी, आणि तिचे रकाने त्या निर्णयाच्या, त्या काउंटरच्या आणि त्या काउंटरवर बसणाऱ्या माणसांच्या मापाने बेतलेले असले पाहिजेत, असे माझे मत आहे. हे माप न घेता सरसकट लादलेली नोंद निरुपयोगी तर ठरतेच, पण त्याहून वाईट म्हणजे ती खोटी ठरते, आणि खोट्या आकड्यांवर पुढे जे निर्णय होतात त्यांचे परिणाम मात्र खरे असतात.

या विषयाला इतिहास आहे आणि तो आपल्याला सर्वस्वी परका नाही. वाचकाला व्यक्तिशः साहाय्य करणे हे ग्रंथपालाचे कर्तव्य आहे, हा विचार सॅम्युअल स्वेट ग्रीन यांनी १८७६ मध्ये फिलाडेल्फियाच्या ग्रंथपाल परिषदेत मांडला, तेव्हा ते मॅसॅच्युसेट्समधील वुस्टर शहराच्या सार्वजनिक ग्रंथालयाचे प्रमुख होते. पुढे १९०७-०८ पासून जेम्स थेअर जेरोल्ड यांनी अमेरिकन विद्यापीठ-ग्रंथालयांची आकडेवारी संकलित करण्यास आरंभ केला. ती ग्रंथसंख्या, खर्च आणि नोकरवर्ग यांची होती. वाचकाच्या प्रश्नाला तीत स्थान नव्हते. प्रश्न मोजण्याची पद्धत पुष्कळ पुढे रूढ झाली, आणि तिच्या मुळाशी एक सोपी विभागणी राहिली: ‘झेरॉक्सची खोली कुठे आहे’ यासारखे वाट विचारणारे प्रश्न एका बाजूला, आणि ज्यांच्या उत्तरासाठी ज्ञानसाधनांचा वापर करावा लागतो ते संदर्भप्रश्न दुसऱ्या बाजूला. आपल्याकडे सयाजीराव गायकवाडांनी १९१० मध्ये अमेरिकन ग्रंथपाल विल्यम बोर्डेन यांना बडोद्यास पाचारण करून ग्रंथालय-चळवळीचा पाया घातला, आणि शि. रा. रंगनाथन १९२४ मध्ये मद्रास विद्यापीठाचे ग्रंथपाल झाल्यावर वाचकसेवेला शास्त्राची प्रतिष्ठा लाभली. १९३१ साली प्रसिद्ध झालेल्या त्यांच्या पंचसूत्रीतील चौथे सूत्र वाचकाचा वेळ वाचवण्याविषयी आहे, हे ग्रंथालयशास्त्राच्या प्रत्येक विद्यार्थ्याला मुखोद्गत असते. संदर्भसेवेचेही त्यांनी दोन प्रकार केले: तत्काळ देता येणारी आणि दीर्घकाळ चालणारी.

परंतु प्रस्तुत विषयाच्या दृष्टीने रंगनाथनांचे मला सर्वांत मोलाचे वाटणारे कार्य म्हणजे त्यांच्या नावाने आजही शिकवले जाणारे कर्मचारीसूत्र होय. संदर्भ विभागासाठी त्यात सांगितलेले गणित असे: पाठ्यपुस्तकांपुरते येणारे वाचक वगळून रोजच्या वाचकांची जी संख्या राहील तिला पन्नासने भागावे, वर्षातील कामाच्या दिवसांना अडीचशेने भागावे, आणि या दोन भागाकारांचा गुणाकार म्हणजे त्या विभागास लागणारी माणसे. रोज दोनशे वाचक आणि वर्षाकाठी ३०० दिवस काम असेल तर चार गुणिले एक दशांश दोन, म्हणजे जवळजवळ पाच माणसे. देवघेवीसाठीही असेच वेगळे सूत्र आहे. तेथे काउंटरचे एक द्वार एक तास उघडे राहणे हे एकक धरले आहे आणि वर्षातील अशा १,५०० तासांमागे एक माणूस सांगितला आहे. या सूत्रांतील आकडे आजच्या परिस्थितीत जसेच्या तसे लागू पडतात, असे कोणी म्हणणार नाही. तथापि त्यांच्या रचनेत एक शिस्त आहे. त्यातील प्रत्येक अक्षर एकाच प्रश्नासाठी आले आहे: पदे किती हवीत? ज्या आकड्याने त्या प्रश्नाच्या उत्तरात फरक पडत नाही, त्याला सूत्रात प्रवेश नाही. शिवाय देवघेवीचे काम एका एककाने आणि संदर्भाचे काम दुसऱ्या एककाने मोजले आहे, कारण दोन्ही कामांची प्रकृती भिन्न आहे. पाठ्यपुस्तके नेणाऱ्यांना वगळणारा तो छोटासा अपवादही किती विचारपूर्वक घातला आहे, पाहा: त्या वाचकाचा भार संदर्भ विभागावर पडत नाही, म्हणून त्याची गणना तेथे नको.

आता याच्या शेजारी आजची आपली रीत ठेवून पाहावी. उच्चशिक्षण संस्थांचे मूल्यांकन करणाऱ्या ‘नॅक’ या परिषदेच्या गेल्या काही वर्षांच्या नियमावलीत चौथ्या निकषाखाली ग्रंथालयाचा दैनंदिन वापर विचारला गेला, आणि त्याचा पुरावा म्हणून प्रवेशद्वारावरील नोंदी व ऑनलाइन लॉगइनचे आकडे ग्राह्य धरले गेले. परिषदेला देशभरच्या संस्था एका पातळीवर आणून पाहावयाच्या असल्याने तिने असे ढोबळ माप निवडावे, यात तिचा दोष नाही. दोष आपला, कारण बाहेरून मागितलेला तो आकडाच आपण आपल्या घरातील एकमेव आकडा करून टाकला. महाराष्ट्रातील कितीतरी महाविद्यालयांच्या वाचनकक्षांत सकाळी सातपासून स्पर्धापरीक्षेचे विद्यार्थी स्वतःची पुस्तके घेऊन बसतात. त्यांना शांतता, दिवा, पंखा आणि हक्काची खुर्ची हवी असते, आणि ग्रंथालयाने ती अवश्य पुरवावी. परंतु दारातील वहीत त्यांची सही आणि तीन दिवस एका प्रबंधासाठी जुन्या अहवालांचा माग काढणाऱ्या विद्यार्थिनीची सही यांत काहीच फरक दिसत नाही. वाचनकक्ष वाढवावा की संदर्भासाठी आणखी एक जाणता माणूस नेमावा, असा प्रश्न ग्रंथालय समितीपुढे आला, तर ती वही दोन्ही बाजूंनी सारखीच साक्ष देईल.

काउंटरवर काय घडते ते जवळून पाहिल्याखेरीज या प्रश्नाचे मर्म ध्यानात यावयाचे नाही. इतिहास घेऊन एम. ए. करणारा एक विद्यार्थी येतो आणि विचारतो, “मॅडम, इतिहासाची पुस्तकं कुठल्या कपाटात आहेत?” कपाट दाखवून त्याची बोळवण केली, तर हा वाट विचारणारा प्रश्न, वहीत एक उभी रेघ, व्यवहार संपला. पण बाई अनुभवी आहेत, त्या विचारतात, “कोणता कालखंड हवाय?” तो म्हणतो, “इंग्रजांचा.” “त्यातलं काय?” “शेतकऱ्यांचे दंगे, सर.. म्हणजे मॅडम, सावकारांविरुद्धचे.” दोन-चार प्रश्नांनंतर उलगडा होतो की त्याचा लघुप्रबंध १८७५ च्या दख्खनच्या दंग्यांवर आहे, भीमथडी तालुक्यातील सुप्यास १२ मे रोजी जे घडले तेथून त्याला आरंभ करावयाचा आहे, आणि मार्गदर्शकांनी मूळ साधने पाहण्यास बजावले आहे. मग बाई उठतात. दंग्यांची चौकशी करणाऱ्या आयोगाचा १८७६ चा अहवाल, पुणे जिल्ह्याचे १८८५ चे गॅझेटियर, १८७९ च्या शेतकरी कर्जनिवारण कायद्याविषयीचे साहित्य, जोतीराव फुल्यांचा १८८३ मधील ‘शेतकऱ्याचा असूड’, आणि त्या काळच्या ‘ज्ञानप्रकाश’चे अंक कोठे पाहावयास मिळतील याची चौकशी, अशी एकेक गोष्ट पुढे येते. पाऊण तास जातो. विद्यार्थी आठवड्याने पुन्हा येतो, कारण अहवालाच्या परिशिष्टांतील तक्ते त्याला उमगलेले नसतात.

या घटनेची नोंद कशी करावयाची? रॉबर्ट टेलर यांनी १९६८ मध्ये प्रसिद्ध केलेल्या एका निबंधात दाखवून दिले आहे की वाचकाची गरज त्याच्या अंतर्मनातील अस्फुट अस्वस्थतेपासून निघून काउंटरवर उच्चारलेल्या प्रश्नापर्यंत चार पायऱ्या उतरते, आणि शेवटच्या पायरीवर तो आपला प्रश्न ग्रंथालयाला पेलवेल अशा बेताने आधीच तडजोड करून मांडतो. ‘इतिहासाची पुस्तके कुठे आहेत’ हा तसा तडजोडीचा प्रश्न होता. तेव्हा प्रश्न ज्या रूपात आला ते रूप टिपावे, की संभाषणातून जे रूप निघाले ते? पाऊण तासाला एक रेघ आणि झेरॉक्सची खोली दाखवण्यालाही एक रेघ, हा न्याय कसा? विद्यार्थी आठवड्याने पुन्हा आला ती नवी नोंद, की जुन्या नोंदीचा पुढचा भाग? या तीन शंकांची उत्तरे आधी ठरलेली नसतील, तर एकाच मेजावर सकाळी बसणारी व्यक्ती आणि दुपारी बसणारी व्यक्ती दोन निरनिराळ्या ग्रंथालयांची आकडेवारी तयार करीत राहतील.

अमेरिकेतील ग्रंथपालांना ही अडचण पूर्वीच जाणवली. डेब्रा वॉर्नर यांनी २००१ मध्ये प्रश्नांचे चार प्रकार सुचवले: ज्यांना कोणतेच साधन लागत नाही ते, ज्यांत कौशल्य शिकवावे लागते ते, ज्यांत शोधाची आखणी करावी लागते ते, आणि ज्यांसाठी स्वतंत्र वेळ ठरवून सविस्तर सल्लामसलत करावी लागते ते. त्यानंतर कार्नेगी मेलन विद्यापीठात बेला कार गर्लिच यांनी सहा पायऱ्यांची श्रमश्रेणी तयार केली. तीत उत्तर देण्यास लागलेले श्रम, कौशल्य आणि ज्ञान यांवरून प्रत्येक व्यवहाराला एक ते सहापर्यंत अंक दिला जातो. या श्रेणीने केलेले कार्य मी मोठे मानतो. वाचकाने किती वेळा विचारले या गणनेवरून लक्ष काढून, उत्तर देणाऱ्याने काय खर्च केले याकडे तिने ते वळवले. आणि ज्या ज्ञानी श्रमांना पूर्वी वहीत अस्तित्वच नव्हते त्यांना अस्तित्व दिले.

तरीही ती श्रेणी जशीच्या तशी उचलून आपल्या तालुक्याच्या गावातील महाविद्यालयात लावणे मला मान्य नाही. तिसरी पायरी आणि चौथी पायरी यांतील भेद सर्वांना सारखाच कळावा यासाठी काउंटरवर बसणाऱ्या दहा-पंधरा जणांनी एकत्र बसून नमुन्याचे प्रश्न तोलावे लागतात. असा सराव नसेल तर अंक म्हणजे ज्याच्या त्याच्या स्वभावाचे प्रतिबिंब होऊन बसतात. जेथे एक ग्रंथपाल आणि दोन परिचर एवढाच संसार आहे, आणि ग्रंथपालाची जागाच रिक्त असून कार्यभार एखाद्या प्राध्यापकाकडे सोपवलेला असणेही दुर्मिळ नाही, तेथे तीन पायऱ्या पुरेत: जागेवरून न उठता उत्तर देता आले, उठून एखादे साधन उघडावे लागले, वाचकाबरोबर बसावे लागले किंवा त्याला पुन्हा बोलवावे लागले. हा भेद डोळ्यांना दिसतो, त्याला प्रशिक्षणाची गरज नाही, आणि संदर्भासाठी प्रशिक्षित माणूस हवा की नको या निर्णयाला तेवढा पुरेसा आहे. उलट संशोधन केंद्र असलेल्या विद्यापीठाच्या ग्रंथालयात, जेथे पीएच. डी. च्या विद्यार्थ्यांची वाङ्मयचौर्य-तपासणी, संदर्भसूचीची पद्धती, ‘शोधगंगा’वर प्रबंध चढवणे, नियतकालिकांची विश्वसनीयता अशा नानाविध पृच्छा येतात, तेथे सहा पायऱ्याही अपुऱ्या पडतील आणि विषयवार रकान्यांची जोड द्यावी लागेल. दोन्ही ग्रंथालयांना एकच तक्ता देणे हा दोघांवरही अन्याय आहे.

रकान्यांच्या संख्येविषयी थोडे अधिक बोलले पाहिजे, कारण तयार तक्त्यांचा खरा दोष तेथेच आहे. प्रश्नाचा प्रकार, विचारणाऱ्याचा वर्ग, विषय, माध्यम, स्थळ, लागलेला वेळ, वापरलेले साधन, उत्तर देणाऱ्याचे नाव, शेरा: असा तक्ता कागदावर मोठा रुबाबदार दिसतो. पण एका नोंदीस अर्धे मिनिट लागते असे धरले आणि गर्दीच्या दिवशी १२० नोंदी कराव्या लागल्या, तर पूर्ण एक तास वाचकाकडे पाठ फिरवून वहीकडे तोंड करण्यात जातो. जून-जुलैत प्रवेशाच्या वेळी ओळखपत्रे, बुक बँकेचे संच आणि ‘नो ड्यूज’चे दाखले यांसाठी काउंटरपुढे रांग दारापर्यंत गेलेली असताना असा तक्ता कोणी भरू शकत नाही. परिणामी संध्याकाळी कुलूप लावण्यापूर्वी दिवसभराच्या नोंदी आठवून लिहिल्या जातात, आणि पुढे आठवण्याचेही कष्ट न घेता कालच्यासारख्याच लिहिल्या जातात. यात कर्मचाऱ्यांचा आळस शोधू नये. ज्या नोंदीचे पुढे काय होते हे माणसाला कधी सांगितले गेले नाही, ती नोंद तो मन लावून करील अशी अपेक्षा धरण्याचा आपल्याला अधिकार नाही.

रोज नोंद करण्याऐवजी निवडक सप्ताहांत करावी, हा त्यावर एक मान्य उपाय आहे. अमेरिकन आकडेवारीत नमुन्याच्या सप्ताहावरून वर्षाचा अंदाज बांधण्याची प्रथा जुनीच आहे. पण नमुन्याचा सप्ताह कोणता, हे तिकडच्या दिनदर्शिकेवरून ठरवून कसे चालेल? आपल्या महाविद्यालयाच्या वर्षाला स्वतःचे चढउतार आहेत: प्रवेशाची गर्दी, गणपतीची सुटी, सत्रपरीक्षा, दिवाळीनंतरचा शांत पंधरवडा, मग प्रकल्प आणि लघुप्रबंध सादर करण्याची धांदल, आणि ज्यात काउंटरवर चिटपाखरूही फिरकत नाही असा मे महिना. यांपैकी एकच सप्ताह घेऊन त्याला बावन्नने गुणणे म्हणजे वर्षाचे चित्र विकृत करणे होय. प्रत्येक ऋतूचा एक असे चार-पाच सप्ताह आधीच जाहीर करावेत, तेवढ्या दिवसांत नोंद काटेकोर करावी, आणि बाकीच्या काळात कर्मचाऱ्यांना नोंदीच्या तगाद्यातून मोकळे करावे. पाच सप्ताहांची खरी नोंद बावन्न सप्ताहांच्या मानीव नोंदीपेक्षा शतपटीने मोलाची आहे.

आता ज्याला स्थानिक रकाना म्हणता येईल त्याचे एक उदाहरण देतो. मराठी ग्रंथांच्या बाबतीत आपल्या अनेक ग्रंथालयांच्या संगणकीय तालिकेत एक विचित्र अडथळा आहे. सुरुवातीच्या काळात पुष्कळ ठिकाणी मराठी ग्रंथांची नावे रोमन लिपीत भरली गेली आणि लिप्यंतराचा एकच नियम पाळला गेला नाही. ‘ज्ञ’ या अक्षरासाठी कोणी ‘डीएन’ लिहिले, कोणी ‘जेएन’, तर कोणी ‘जीवाय’. दीर्घ स्वर कोणी दुहेरी अक्षराने दाखवला, कोणी दाखवलाच नाही. पुढे देवनागरीची सोय झाल्यावर नवे ग्रंथ देवनागरीत गेले आणि जुने होते तेथेच राहिले. परिणाम असा की ग्रंथ कपाटात आहे, त्याचा दाखलक्रमांक वहीत आहे, पण तालिकेत शोधणाऱ्याला तो ‘उपलब्ध नाही’ असे दिसते. आणि विद्यार्थी एक तर निमूटपणे निघून जातो, नाहीतर काउंटरवर येऊन विचारतो, तेव्हा परिचर आपल्या स्मरणाच्या बळावर तो ग्रंथ नेमका काढून देतो. कोणत्याही परदेशी तक्त्यात या घटनेला रकाना नाही. तेथे ती ‘ग्रंथ शोधण्यास साहाय्य’ या सदरात विरून जाते. पण ‘ग्रंथ संग्रहात होता, तालिकेत सापडला नाही’ एवढा एकच रकाना एका सत्रापुरता ठेवला आणि त्यासमोर ग्रंथाचे नाव लिहिले, तर कोणत्या नोंदी प्रथम दुरुस्त कराव्यात याची यादी वाचकच तयार करून देतील. ग्रंथालय समितीपुढे जुन्या नोंदींच्या देवनागरीकरणासाठी पैसा मागताना याहून सबळ कैफियत दुसरी कोणती असेल?

याच उदाहरणात आणखी एक गोष्ट दडलेली आहे. उत्तर परिचराने दिले. आपल्या ग्रंथालयांत वाचकाची पहिली गाठ बहुधा त्याच्याशीच पडते. कपाटांच्या रांगांत, दारापाशी, जिन्यावर त्याला विचारले जाते, आणि वर्षानुवर्षांच्या वावराने त्याला ग्रंथसंग्रहाची जी ओळख असते ती कित्येकदा पदवीधर सहकाऱ्याला नसते. ‘सेवा’ म्हणजे अमुक मेजावर अमुक पदाच्या व्यक्तीने दिलेले उत्तर, अशी व्याख्या केली की त्याचे सारे श्रम हिशेबाबाहेर राहतात. ग्रंथपालाच्या स्वतःच्या फोनवर रात्री येणारे व्हॉट्सअ‍ॅपवरचे प्रश्न, जे २०२० च्या टाळेबंदीनंतर नित्याचेच झाले आहेत, तेही असेच निसटतात. म्हणून नोंदीची व्याख्या जागेवरून आणि पदावरून न करता घडलेल्या साहाय्यावरून करावी. आणि परिचराला लिहिणे सोयीचे नसेल तर त्याने खिशातील चिठ्ठीवर मारलेल्या रेघाही नोंद म्हणून स्वीकाराव्यात.

येथे एक गंभीर आक्षेप घेतला जाईल आणि तो टाळून पुढे जाणे योग्य होणार नाही. प्रत्येक ग्रंथालयाने आपापल्या सोयीने रकाने आखले, तर एका ग्रंथालयाची दुसऱ्याशी आणि याच वर्षाची मागच्या वर्षाशी तुलना कशी होणार? विद्यापीठाला, शासनाला, अभ्यासकांना समान पायावरची आकडेवारी हवी असते. ग्रंथालय-सांख्यिकीच्या आंतरराष्ट्रीय मानकांची निर्मितीही त्यासाठीच झाली आहे. आक्षेप खरा आहे. त्याचे उत्तर मी असे देतो: नोंदीचा एक लहानसा गाभा कायम ठेवावा. वाट विचारणारे प्रश्न किती, संदर्भप्रश्न किती, आणि वाचकाबरोबर बसावे लागले असे किती, एवढे तीन आकडे, त्यांच्या लेखी व्याख्यांसह, दरवर्षी सारखेच असावेत आणि व्याख्येत बदल झाला तर त्याची तारीख त्याच पानावर लिहावी. या गाभ्याभोवती ज्या त्या वर्षाच्या निर्णयापुरते एक-दोन रकाने असावेत आणि निर्णय झाला की ते बंद करावेत.

पण समान आकडेवारीवर विसंबून मोठ्या संस्थाही कशा फसतात, हेही या आक्षेपकांनी पाहावे. अमेरिकेतील मोठ्या संशोधन-ग्रंथालयांच्या आकडेवारीत गेल्या शतकाच्या अखेरच्या दशकापासून संदर्भप्रश्नांची संख्या सतत घसरत गेलेली दिसते. त्या घसरणीचे दोन अर्थ संभवतात. एक असा की वाचकाला आता ग्रंथपालाची गरज उरलेली नाही. दुसरा असा की एखाद्या शहराची लोकसंख्या किंवा एखाद्या शब्दाचा अर्थ यांसारखे सोपे प्रश्न वाचक स्वतःच इंटरनेटवर सोडवू लागला आणि काउंटरवर येणारे उरलेले प्रश्न पूर्वीपेक्षा कठीण झाले. पहिला अर्थ खरा असेल तर माणसे कमी करावीत. दुसरा खरा असेल तर माणसे तितकीच ठेवून त्यांचे ज्ञान वाढवावे. दोन्ही निर्णय एकमेकांच्या विरुद्ध आहेत आणि नुसती संख्या त्यांत निवाडा करू शकत नाही. अनेक ठिकाणी या घसरणीच्या आधारे संदर्भसेवेचे मेज देवघेवीच्या काउंटरात विलीन झाले. त्यांपैकी काही निर्णय योग्यही असतील. परंतु ज्या ग्रंथालयांनी श्रमांची नोंद ठेवली नव्हती त्यांना आपला निर्णय योग्य होता की अयोग्य, हे नंतरही पडताळून पाहता आले नसणार.

आकड्यांचा उपयोग माणसांना जोखण्यासाठी होऊ लागला की ते आकडे बिघडतात, हे मानसशास्त्रज्ञ डोनाल्ड कॅम्बेल यांनी जवळजवळ अर्ध्या शतकापूर्वी सांगून ठेवले आहे. काउंटरवर ते फार लवकर घडते. अमक्याच्या नावावर महिन्यात तीनशे नोंदी आणि तमक्याच्या नावावर चाळीसच, असे पत्रक भिंतीवर लागले, की चाळीस विद्यार्थ्यांना तासन्‌तास मार्गदर्शन करणारी व्यक्ती पुढच्या महिन्यात त्यांना कपाटाकडे बोट दाखवून मोकळी होईल. म्हणून उत्तर देणाऱ्याचे नाव नोंदीत असू नये, असे माझे ठाम मत आहे. विचारणाऱ्याचे नाव तर मुळीच नसावे. ग्रंथ घरी नेणाऱ्याचे नाव लिहिणे भाग आहे, कारण ग्रंथ परत यावयाचा असतो. प्रश्न परत यावयाचा नसतो. एखादी विद्यार्थिनी गर्भपाताच्या कायद्याविषयी, एखादा विद्यार्थी मानसिक आजाराविषयी, कोणी जात-पडताळणीच्या खटल्यांविषयी विचारतो, तेव्हा तो ग्रंथालयावर विश्वास टाकतो. खासगीपणा हा मूलभूत अधिकार असल्याचा निर्णय सर्वोच्च न्यायालयाने २०१७ मध्ये दिला आणि २०२३ मध्ये वैयक्तिक विदेच्या संरक्षणाचा कायदाही झाला. पण हे दोन्ही नसते तरी ग्रंथपालाच्या धर्माला हीच गोष्ट बंधनकारक ठरली असती. नाव, हजेरी क्रमांक, फोन नंबर यांचे रकाने तयार प्रणालीत असतील तर ते पहिल्याच दिवशी बंद करून घ्यावेत.

रकाने कोणी ठरवावेत, हा प्रश्न राहिला. ते काउंटरवर बसणाऱ्यांनीच ठरवावेत, परिचरांसह. सत्रारंभी ग्रंथपालाने सर्वांना एकत्र बसवून या वर्षी कोणता निर्णय घ्यावयाचा आहे ते सांगावे: संध्याकाळची वेळ आठपर्यंत वाढवायची का, पहिल्या वर्षाच्या मुलांसाठी तालिका वापरण्याचे वर्ग घ्यायचे का, जुन्या प्रश्नपत्रिका संकेतस्थळावर टाकायच्या का. वेळ वाढवण्याचा प्रश्न असेल तर पाच वाजल्यानंतरच्या प्रश्नांसाठी वेगळा रकाना हवा; प्रश्नपत्रिकांचा असेल तर त्या मागणाऱ्यांची गणती हवी, आणि त्या संकेतस्थळावर गेल्यानंतर ती गणती उतरली का, हे एका सत्राने पाहावयास हवे. नोंदीचा सप्ताह संपला की येणाऱ्या शनिवारी ती वही त्याच माणसांपुढे वाचून दाखवावी. कारण आकड्यांत जे दिसत नाही ते त्यांना ठाऊक असते. मंगळवारी एकाएकी वाढलेले प्रश्न हे एका प्राध्यापकांनी सगळ्या वर्गाला एकच प्रकल्प दिल्यामुळे आले होते, हे वहीत कोठेच लिहिलेले नसते, पण परिचराला ते माहीत असते, आणि त्यावरून पुढच्या वर्षी त्या प्राध्यापकांना आठवडाभर आधी विचारून ग्रंथ बाजूला काढून ठेवता येतात. समितीच्या सभेत कोणी नवा रकाना सुचवला, तर त्यावरून कोणता निर्णय कोणत्या महिन्यात होणार, हे सुचवणाऱ्याने इतिवृत्तात लिहून द्यावे. आणि सलग दोन सत्रे ज्यावरून काहीच ठरले नाही तो रकाना पुढच्या वर्षाची वही छापावयास देताना गाळावा.